महाडीबीटी शिष्यवृत्ती: प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी अनुभवाचे बोल

अभियांत्रिकीचे शिक्षण मी राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या आधाराने पूर्ण केले आणि त्यानंतर ओळखीतील अनेक विद्यार्थ्यांचे अर्ज भरून दिले. त्यातून माझे ठाम मत झाले आहे की महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे फारसे अवघड नसते. रक्कम अडते ती कागदपत्रांतील विसंगतीमुळे, किंवा अर्ज सादर झाल्यावर त्याचा पाठपुरावा न केल्यामुळे.

सर्वप्रथम योजना नीट निवडावी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. मात्र प्रवेश कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला असावा लागतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शुल्काचा लाभ मिळतो, आणि ही गोष्ट प्रत्येक पात्र मुलीच्या घरी पोहोचली पाहिजे असे मला मनापासून वाटते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तर त्याहून अधिक असल्यास फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, लागू होते. घरापासून दूर राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेच्या अटीही वाचून ठेवाव्यात.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, राखीव प्रवर्गासाठी जातीचे व जात वैधता प्रमाणपत्र, शिधापत्रिका, गुणपत्रिका आणि कॅपचे वाटपपत्र ही कागदपत्रे प्रवेशाच्या आधीच जमवायला घ्यावीत. निकालानंतर सेतू केंद्रांवर इतकी गर्दी उसळते की साधा दाखलाही लांबतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे छापलेले असते, ते पाहूनच तो जोडावा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खाते या तिन्हींवरील नाव अक्षरशः सारखे असावे. वडिलांचे नाव एका ठिकाणी असणे आणि दुसरीकडे नसणे एवढ्यानेही शंका उपस्थित होते.

बँक खात्याविषयी विशेष सांगावेसे वाटते, कारण मंजूर झालेली रक्कम नेमकी इथेच अडकलेली मी अनेकदा पाहिली आहे. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि एकाहून अधिक खाती असल्यास शेवटी जोडलेले खाते ग्राह्य धरले जाते. मध्येच दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडताना तिथे आधार जोडण्यास संमती दिली, तर शिष्यवृत्ती त्या खात्याकडे वळते. कोणती बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. ते खाते व्यवहाराअभावी निष्क्रिय झालेले नाही, याचीही बँकेत चौकशी करावी.

सादर केलेला अर्ज आधी महाविद्यालयाच्या आणि मग संबंधित विभागाच्या तपासणीतून जातो. त्रुटी आढळल्यास तो विद्यार्थ्याकडे परत पाठवला जातो आणि मुदतीत दुरुस्त न केल्यास वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहावी, अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवरच रेंगाळत असेल तर पोचपावतीची प्रत घेऊन शिष्यवृत्ती विभागातील लिपिकांना भेटावे आणि तो पुढे कधी पाठवणार हे विचारावे. पुढील वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो. तो आपोआप होत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षीचा अर्ज क्रमांक, वापरकर्ता नाव आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक पदवी हाती येईपर्यंत सांभाळून ठेवावा.