इतिहास महोत्सव भरवायचाय? मग आधी घरातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करा

तालुक्यातल्या शाळांनी मिळून इतिहास महोत्सव भरवायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत तीन सूचना हमखास येतात. उद्घाटनाला मोठा पाहुणा आणा, ढोल-ताशा ठेवा, मुलांना मावळ्यांचे कपडे घाला. सातारा जिल्ह्यात मी हे तिन्ही करून बसलोय. पाहुणा दोन तास उशिरा येतो, आई-बाप आपल्या मावळ्याचा फोटो काढतात आणि दुपारी दोनला मांडवात फक्त शिक्षक उरतात. ज्या वर्षी आम्ही पोरांच्या आजी-आजोबांच्या आठवणी भिंतीवर लावल्या, त्या वर्षी संध्याकाळी सातला लोकांना बाहेर काढून दिवे बंद करावे लागले. दोन म्हातारे एका पाटीसमोर उभे राहून गावात वीज आधी आली की एसटी, यावर हमरीतुमरीवर आले होते. महोत्सव म्हणतात तो हा.

तारीख. 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन बैठकीत सगळ्यांना आवडतो. तेव्हा परीक्षा असतात आणि ऊन असतं, विसरा तो. 19 ते 25 नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह उत्तम, कारण त्याआधी दिवाळीची सुट्टी मिळते आणि पोरं मामाच्या गावाला जातात. खरं काम त्या सुट्टीतच होतं. दिवाळी उशिरा असेल तर सरळ डिसेंबर धरा.

परवानग्या, मांडव, टेबलं, माईक. हे तुम्हाला येतं.

विषय. एका शाळेला एकच आणि छोटा विषय द्या. ‘आमच्या गावाचा इतिहास’ दिलात की सगळे इंटरनेटवरून तोच मजकूर उतरवून आणतात. ‘आमच्या गावातलं पिण्याचं पाणी’ दिलंत की आड, विहीर, नदीतला झरा, हापसा, नळ हे सगळं येतं. शिवाय कोणत्या पाणवठ्यावर कोणाला पाणी भरू देत नव्हते, तेही येतं. ते येऊ द्या. पाटलाच्या वाड्याचा इतिहास म्हणजे गावाचा इतिहास नव्हे. पोरांना धनगरवस्तीत, बौद्धवाड्यात, कोयना धरणात गाव गेलेल्यांच्या वसाहतीत पाठवा.

मुलाखती. इथं मी दोन वर्षं सपशेल आपटलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी मी वीस प्रश्नांची छापील यादी दिली होती. ‘तुमचा जन्म कधी झाला? तुमच्या काळी शिक्षण कसे होते?’ उत्तरं आली ती अशी: ‘माहीत नाही. चांगले होते.’ चूक आजीची नव्हती, माझी होती. ‘तुमच्या काळी’ म्हटलं की माणूस भाषण करतो, नाहीतर गप्प बसतो. त्याला वस्तूवर आणा. हातात जुना तांब्या द्या, जात्याजवळ बसवा, लग्नाचा फोटो काढायला लावा. पाटा कुठून आणला हे विचारलं की बाजार कुठं भरायचा, बैलगाडीला किती वेळ लागायचा, हे आपोआप निघतं. जात्यावरची एक ओवी म्हणायला सांगा, पुढचा अर्धा तास तुम्हाला काही विचारावं लागत नाही.

दुसरी अडचण सालाची. जुन्या माणसांना साल विचारू नका. ती मान राखायला म्हणून काहीतरी आकडा सांगतात आणि पोरगं तो पक्का धरतं. साल खुणेनं काढायचं. आमच्या भागात सगळ्यात पक्की खूण म्हणजे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप.

“आज्जे, भूकंप झाला तवा तुझं लगीन झालं हुतं का?”

“झालं हुतं की. तुझा थोरला चुलता पाळण्यात हुता. त्याला घेऊन मी अंगणात पळाले बघ.”

झालं, एका वाक्यात लग्न 1967 च्या आधी गेलं आणि थोरल्या चुलत्याचं वयही कळलं. मग आणखी खुणा लावायच्या. आण्यात व्यवहार होता की नव्या पैशात? नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले. एसटी होती का? राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर धावली, म्हणजे आजोबा एसटीनं शाळेला गेले असतील तर त्यानंतरच. आजोबा नव्वदीच्या पुढचे असतील तर शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ते विचारा. इंग्रजांविरुद्धच्या पत्री सरकारच्या काळातली ती गोष्ट 7 जून 1943 ची. मराठवाड्यातल्या शाळांनी 17 सप्टेंबर 1948 चा मुक्तिदिन आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप घ्यावा, पुण्याकडच्यांनी 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर. पोरांनी वहीच्या पहिल्या पानावर या खुणांची पट्टी काढावी आणि मुलाखत चालू असतानाच त्या पट्टीवर बोट ठेवत जावं.

1972 चा दुष्काळ मात्र नुसती खूण म्हणून वापरू नका. तो मुलाखतीचा गाभाच आहे. मिलो, म्हणजे रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, कशी लागायची ते विचारा. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण कोण जायचं, तिथं खायला सुकडी मिळायची का, ते विचारा. आमच्या सातवीतल्या एका मुलीच्या आजीनं काही न बोलता डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. नख मधोमध चिरून वाकडं वाढलेलं होतं. खडी फोडताना हातोडी बसली होती. मुलीनं त्या अंगठ्यावर रोज तेल चोळलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं. आम्ही त्या अंगठ्याचा फोटो लावला आणि खाली मुलीच्या अक्षरात चार ओळी. सबंध मांडवात त्याहून चांगलं काही नव्हतं.

आता इशारे. आजोबा बोलत असताना मुलाच्या बापाला खोलीत बसू देऊ नका, तो दर वाक्याला “नाही आबा, तसं नव्हतं” म्हणतो. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, पण आधी विचारून, आणि त्याच रात्री ऐकून लिहून काढा. दिवाळीनंतर लिहू म्हणालात की ते राहिलंच. आजीची भाषा शुद्ध करू नका. ‘हुतं’चं ‘होते’ करणाऱ्या शिक्षकाचा मी वहीसकट पाणउतारा केलाय. आणि काही विषयांवर म्हातारी माणसं एकदम गप्प होतात. आमच्याकडे 1948 साली, गांधीजींच्या खुनानंतर, ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांची जळाली तीही आणि ज्यांनी जाळलेली पाहिली तीही यावर बोलत नाहीत. पोरांनी तिथं रेटायचं नाही. शिक्षकानं वेगळं, एकट्यानं जावं. नाही म्हणाले तर परत यावं.

घरातले कागद. लोक जुने कागद दाखवत नाहीत, कारण अर्ध्या घरांत वाटणीचा दावा चालू असतो आणि कागद दिसला की भाऊबंद जागे होतात. त्यामुळे आधीच कबूल करा की जमिनीचा तपशील झाकूनच फोटो लावू, आणि शब्द पाळा. मूळ कागद शाळेत आणायचाच नाही. घरीच, खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलनं फोटो घ्या आणि छापील प्रत लावा. कोणी प्रेमानं “लॅमिनेशन करून ठेवू का” विचारलं तर हात धरा. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टीही तितकीच वाईट.

जुने कागद मोडी लिपीत असतात, ती वाचायला माणूस शोधा. पुण्यात आणि कोल्हापूरला शासनाची पुराभिलेखागारं आहेत, पुण्यात 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथून जाणकार मिळतो. स्वतःच्या भरवशावर वाचलेल्या मोडीवर पाटी करू नका. कागदावरचा आकडा म्हणजे इसवी सन असंही धरू नका. आम्ही एकदा ‘सन 1290’ वाचून झोकात लिहिलं: देवगिरीच्या यादवांच्या काळातला कागद! तो फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचा, सन होता. फसलीत 590 मिळवायचे, म्हणजे कागद 1880 च्या सुमाराचा, इंग्रजी अमलातला. एका निवृत्त तलाठ्यानं सगळ्यांदेखत दाखवून दिलं. शक असेल तर 78 मिळवा, पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर बहुधा 79.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. गावाबाहेर हमखास एखादा पडलेला असतो. सकाळी लवकर किंवा मावळतीला तिरप्या उन्हात फोटो घ्या, नक्षी आपोआप उठून दिसते. खडू, पीठ, तेल काही फासू नका. खालून वर वाचायचा: लढाई, वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. बहुतेकांवर अक्षर नसतं, तेव्हा ‘शिवकालीन’ लिहिण्याआधी हात आवरा. त्यातले कितीतरी महाराजांच्या शेकडो वर्षं आधीचे आहेत.

पाट्या. चार ओळी, पोराच्या अक्षरात, खाली ‘कोणी सांगितलं’. फ्लेक्स नको. ‘आमचा वाडा 500 वर्षांचा’ असं प्रत्येक घर सांगतं. बांधला कोणी विचारा. पणजोबांनी म्हणाले तर पिढीला 25 वर्षं धरून हिशेब करा, शंभराच्या आसपास येतो. पाटीशेजारी कोरा कागद आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवा. बघणारे चुका दुरुस्त करतात आणि नवी नावं लिहून जातात. पुढच्या वर्षीच्या निम्म्या मुलाखती आम्हाला त्या कागदांवरच मिळतात.

महोत्सवाचा दिवस. उद्घाटन दहा मिनिटांत उरका आणि फीत सगळ्यात वयस्कर आजीकडून कापून घ्या. खुर्च्या भिंतीला लावू नका, पाट्यांसमोर ठेवा. म्हातारी माणसं बसली की पोरं भोवती जमतात.

वस्तू परत. घरून आणलेल्या प्रत्येक वस्तूची नोंदवहीत नोंद, फोटो, मालकाची सही, पोचपावती. एका वर्षी एक पितळी अडकित्ता हरवला. त्या घरातली माणसं मला अजून चहाला बोलावत नाहीत. तेव्हापासून वस्तू त्याच संध्याकाळी, शिक्षकानं स्वतः, घरी नेऊन द्यायची. सोबत लिहून काढलेल्या मुलाखतीची एक प्रत, मोठ्या टायपात छापलेली, आजी-आजोबांच्या हातात.