उतारवयात नातेव्यवस्थेचा अभ्यास : या चुका टाळा

शब्दकोड्यांना कंटाळलेल्या निवृत्त माणसाने मानववंशशास्त्रातल्या नातेव्यवस्थेकडे, म्हणजे कोण कुणाचं कोण लागतं याच्या अभ्यासाकडे, जरूर वळावं. कागद, पेन्सिल आणि खोडरबर एवढ्यावर भागतं. शिवाय सोयरिकी, वाटण्या, दत्तकविधान, रुसवेफुगवे हे सगळं ज्याने साठ वर्षं जवळून पाहिलं आहे, त्याच्याजवळ विशीतल्या विद्यार्थ्यापेक्षा भांडवल जास्तच असतं. तरी आमच्या नागपुरात सकाळच्या फिरण्यानंतर तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर जमणाऱ्या मंडळींत मी पाहतो, हौसेने घेतलेली वही कूलर निघायच्या आत माळ्यावर जाते. कारणं बहुतेक तीच असतात.

व्याख्या पाठ करत बसणं

बहुविवाह हे एकूण प्रकाराचं नाव. त्यात एका पुरुषाच्या अनेक बायका असतील तर बहुपत्नीत्व, एका स्त्रीचे अनेक नवरे असतील तर बहुपतित्व. एवढं कळलं की पुस्तक मिटा आणि आकृती काढा. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, बरोबरचं चिन्ह म्हणजे लग्न, खाली उतरणारी रेघ म्हणजे अपत्य, डोक्यावरून जाणारी आडवी रेघ म्हणजे भावंडं. ज्याच्या नजरेतून नाती मोजायची तो ‘स्व’, त्याचा आकार भरून काळा करायचा. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८ च्या, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत वंशावळ्या गोळा करता करता त्यांवरून नाती अभ्यासण्याची पद्धत घडवली.

खरा व्यायाम ‘स्व’ बदलण्यात आहे. आज नातवाच्या जागी बसा, उद्या थोरल्या सुनेच्या. तोच कागद, पण प्रत्येकाचं नातं नव्याने सांगावं लागतं. तेही न बघता. कागद आडवा धरा आणि ‘स्व’ मध्यावर ठेवा. खालच्या कोपऱ्यात सुरुवात केली की दुसऱ्याच पिढीत जागा संपते आणि माणूस चिडून उठतो. इंग्रजी पुस्तकांत बहिणीला ‘झेड’ लिहिलेलं पाहूनही अनेक जण अडखळतात. ‘एस’ हे अक्षर मुलाला देऊन झालेलं असतं, म्हणून.

सगळी मुलं बापाच्या त्रिकोणाला टांगणं

बहुविवाहाची आकृती इथेच फसते. दोन बायकांची पाच मुलं थेट नवऱ्याखाली लटकवली की सख्खं-सावत्र कळतच नाही. रेघ नवऱ्यापासून काढू नका, त्या त्या लग्नाच्या चिन्हापासून खाली काढा, आणि लग्नांना क्रमांक द्या.

त्यापुढची पायरी म्हणजे दोन प्रकारच्या रेघा. समाज ज्याला बाप मानतो त्याच्याकडे अखंड रेघ, जन्म ज्याच्यापासून त्याच्याकडे तुटक. सरावाला घरचंच उदाहरण घ्या, कुरुवंशाचं. अंबिका आणि अंबालिका या सख्ख्या बहिणी, दोघीही विचित्रवीर्याच्या बायका. धृतराष्ट्र आणि पांडू अखंड रेघेने विचित्रवीर्याला जोडले जातात, तुटक रेघेने व्यासांना. व्यास सत्यवती आणि पराशराचे, शंतनूचे नव्हेत. आता तुटक रेघेवर बोट ठेवून वर चढा. ज्या शंतनूच्या गादीसाठी एवढं रण पेटलं, त्याच्यापर्यंत बोट पोचतच नाही. पुढे, धृतराष्ट्र आणि पांडू एकमेकांचे कोण? बापाकडून भाऊ हे सगळेच सांगतात. आयांकडून मावसभाऊ हे आमच्या कट्ट्यावर फार थोड्यांना सुचलं. विदुराची आई दासी, विचित्रवीर्याशी तिचं लग्न नाही, म्हणून त्याला तुटक रेघ आहे, अखंड नाही. कर्णाची रेघ तुम्हीच काढा.

हा हात बसला की बाहेरची उदाहरणं अवघड वाटत नाहीत. निलगिरीतल्या तोडांमध्ये भावांची मिळून एक बायको असे. तिच्या गरोदरपणात जो नवरा धनुष्य देण्याचा विधी करी तो बाप, आणि दुसऱ्या कुणी तो विधी करेपर्यंत पुढची मुलंही त्याचीच. द्रौपदीच्या पाच मुलांचे पाच बाप वेगवेगळे ठरलेले आहेत, म्हणजे नवरे पाच भाऊच असले तरी पितृत्वाचा नियम निराळा. दक्षिण सुदानातल्या नुएर लोकांत निपुत्रिक वारलेल्या माणसाच्या नावाने त्याचा भाऊ लग्न करतो आणि मुलं मेलेल्याचीच गणली जातात. तिथेच एखादी मूल नसलेली स्त्री गुरं देऊन बायको करते, आणि त्या बायकोची मुलं तिला बाप मानतात. आकृतीत वर्तुळ बरोबर वर्तुळ. पहिल्यांदा हे काढताना हात थबकतो, आणि थबकलाच पाहिजे.

केरळच्या नायरांची जुनी रीत मात्र या साच्यात कोंबू नका. तिथे संबंधमचे, म्हणजे लग्नासारख्या सैल नात्यातले, पुरुष भाऊ-भाऊ नसत, बायकोच्या घरी राहतही नसत. मुलं आईच्या तरवाडाची, म्हणजे आईकडून चालणाऱ्या घराण्याची, आणि कारभार आईच्या वडीलधाऱ्या भावाकडे. त्यामुळे वरच्या टोकाला आजोबांना बसवलं की अख्खा कागद चुकतो. आजी आणि तिचे भाऊ वर घ्या.

हाक मारण्यावरून नियम ओळखणं

विदर्भात वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात, त्यांच्या बायकोला मोठी आई. त्यावरून कुणी वारशाचे निष्कर्ष काढू नयेत, हे आपल्याला सांगावं लागत नाही. दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे भाग केले आणि महाराष्ट्र मध्य भागात ठेवला. उत्तरेत जवळच्या रक्तात लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामेबहिणीशी लग्न पसंतीचं, आणि आपण अधेमधे. मामाची मुलगी ‘बहीण’ही म्हणवते आणि अनेक मराठी जातींत बायकोही होऊ शकते. त्याच घरांत आत्याची मुलगी बहुधा चालत नाही. सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणण्याची जुनी रीत याच सोयरिकीशी जुळते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ आणि बहीण यांच्या अपत्यांचं आपसांतलं लग्न निषिद्ध आहे, मात्र रूढी असेल तर सवलत आहे. आमच्यातले वकील इथवर येऊन सभा ताब्यात घेतात.

नागपूरकराला शेजारीच दुसरा नमुना मिळतो. शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा, आणि गोंडी भाषा द्राविडी कुळातली. गोंडांची कुळं पूजतात त्या देवांच्या संख्येने गटांत बसतात, चार, पाच, सहा, सात. सारख्या संख्येची कुळं भाऊबंद, म्हणून आपसांत लग्न नाही. आणि एका पिढीत मुलगी दिली तर पुढच्या पिढीत मुलगी परत आणायची, त्या लग्नाला ‘दूध लौटावा’ म्हणतात. आपल्याकडच्या आत्याच्या मुलीच्या मनाईशेजारी हे मांडून दोन्ही आकृत्या एकाच कागदावर काढा. पूर्ण दुपार जाते.

आकडा समाजांचा की माणसांचा?

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांच्या जगभरच्या संकलनातल्या १२३१ समाजांची एक मोजणी नेहमी दिली जाते : १८६ एकविवाही, ४५३ मध्ये अधूनमधून बहुपत्नीत्व, ५८८ मध्ये अधिक प्रमाणात, आणि फक्त ४ बहुपतित्वाचे. हे वाचून कुणीतरी जाहीर करतो की जगातले बहुतेक पुरुष दोन-तीन बायका करत होते. मोजणी परवानगीची आहे. परवानगी असलेल्या समाजांतही बहुतेक पुरुषांना एकच बायको असे, कारण स्त्री-पुरुष साधारण सारख्याच संख्येने असतात आणि दुसरं घर पोसण्याची ऐपत थोड्यांची. त्या चारावरही थांबू नका. २०१२ च्या एका पाहणीने हिमालय आणि प्रशांत महासागरातली मार्केसस बेटं या नेहमीच्या प्रदेशांबाहेर आणखी ५३ समाजांत बहुपतित्व नोंदवलं.

याला लागूनच, ‘मागासलेले’ असा शेरा मारून पान उलटू नका. हिमाचलातल्या किन्नौरमध्ये किंवा उत्तराखंडातल्या जौनसार-बावरमध्ये भावांनी मिळून एक बायको केली की उतारावरच्या तुटपुंज्या शेताचे तुकडे पडत नसत. वाटणीवरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला हे लवकर पटतं.

जुनं पुस्तक वर्तमानकाळात वाचणं

रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड १९१६ चे. आपल्या मुलुखाबद्दल त्यांत इतकं आहे की वाचताना वेळ कळत नाही. पण त्यांत जातींना सरसकट स्वभाव चिकटवलेले आहेत, ते सोडून द्यायचे, आणि चालीरीती ‘तेव्हा असे लिहिले गेले’ म्हणून टिपायच्या. तोडांचं बहुपतित्व आता राहिलेलं नाही. नायरांचे तरवाड १९३३ चा मद्रासचा कायदा आणि नंतरचे कायदे यांनी वाटणीला मोकळे झाले. वहीत प्रत्येक नोंदीपुढे साल घाला. अजब बंगल्यातलं, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातलं, आदिवासी दालन बघतानाही काळाचं हे भान ठेवा. समोरच्या गावात आज ती माणसं मोबाईलवर बोलत असतात.

स्मृतीची हमी समजणं

नाती सोडवत बसलं की स्मृती टिकते, असं धरून चालू नका. ज्या कौशल्याचा सराव करू ते सुधारतं, आणि त्याचा फायदा इतर कामांत फारसा पसरत नाही, असं अशा व्यायामांच्या अभ्यासांत दिसत आलं आहे. रक्तदाब आणि ऐकू येणं सांभाळणं स्मृतीसाठी कदाचित जास्त मोलाचं. सख्ख्या माणसांची नावं वारंवार अडत असतील तर आकृती बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

घरचा नकाशा चारचौघांत मांडणं

शेवटी सगळेच स्वतःच्या घराण्याकडे वळतात, आणि भांडणं तिथेच लागतात. पणजोबांच्या दोन बायका निघाल्या की मुंबईचा १९४६ चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा काढून ‘बेकायदा’ म्हणणारा एखादा भेटतोच. नागपूर तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतं, मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं, त्यामुळे तो कायदा इथे लागूच नव्हता. दुसरीला पहिलीच्या बरोबरीने, क्रमांक घालून मांडा. तिची नातवंडं अजून गावात असतील. दत्तकाची तुटक रेघ काढण्याआधी त्या घरच्या थोरल्याला विचारा, आणि लग्नाच्या मांडवात तर मुळीच विचारू नका, तेराव्यालाही नको. दिवाळीनंतर सवडीने बसलेल्या आत्याबाईंकडून एका दुपारी जे कळतं ते महिनाभर फोन करून कळत नाही. तयार झालेला कागद कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर तुटक रेघा वगळलेली वेगळी प्रत काढा.