सायकलस्वाराने रस्त्यावर आपली जागा कशी घ्यावी

पुण्यासारख्या शहरात सायकल चालवणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, की रस्त्यावर तो कोणाच्या मेहरबानीने आलेला नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार साधी सायकल हे मोटार वाहन नसल्यामुळे तिला नोंदणी, परवाना किंवा विमा लागत नाही. सिग्नल आणि एकेरी मार्गाचे नियम मात्र तिनेही पाळायचे आहेत, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीला मनाई असल्याने लोणावळ्याला जायचे तर जुना महामार्गच धरावा लागतो.

‘डावीकडून चालवा’ याचा अर्थ पुष्कळ जण गटाराला चिकटून चालवा असा घेतात, आणि घोटाळा तिथेच होतो. कडेला खडी असते, चेंबरची झाकणे खचलेली असतात, पावसाळ्यात पाण्याखाली खड्डा दिसत नाही. ते चुकवायला सायकलस्वार ऐन वेळी उजवीकडे वळतो आणि मागच्या चालकाला त्याचा काहीच अंदाज येत नाही. म्हणून कडेपासून साधारण एक मीटर सोडून सरळ रेषेत चालवावे. मागून हॉर्न वाजला तरी बिचकून कडेला जाऊ नये. पुढे जागा मिळताच सावकाश वाट द्यावी.

कडेला मोटारी उभ्या असतील तर एक दार पूर्ण उघडेल एवढे अंतर राखावे. मोटारीच्या आरशात चालकाचे डोके दिसते का, ब्रेकचा दिवा आताच विझला का, रिक्षातून कोणी पैसे देऊन उतरते आहे का, हे दुरूनच पाहण्याची सवय लावावी. दोन मोटारींमधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येणे हा निव्वळ आगाऊपणा होय.

थांब्याकडे वळणाऱ्या बसच्या किंवा चौकात उभ्या ट्रकच्या डावीकडून कधीही घुसू नये, कारण तिथली सायकल चालकाला बहुधा दिसतच नाही. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही असेच धरून चालावे. उजवीकडे वळताना आधी मागे वळून पाहावे, हात दाखवावा आणि चौक येण्यापूर्वीच मध्याकडे सरकावे. रहदारी फार असल्यास उतरून झेब्रा पट्ट्यांवरून सायकल ढकलत न्यावी. त्यात कमीपणा नाही.

मोटारचालकांनी सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडावे आणि दार डाव्या हाताने उघडावे, म्हणजे अंग आपोआप वळून मागचा रस्ता दिसतो.

रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. दिवा नसल्यास अपघातात तुमचाही दोष असल्याचा मुद्दा विमा कंपनी मांडू शकते आणि भरपाई कमी होऊ शकते.

धडक बसलीच तर गाडीचा नंबर टिपावा, शक्य असल्यास सायकल उचलण्यापूर्वी जागेची छायाचित्रे घ्यावीत, ११२ किंवा १०८ला फोन करावा आणि पोलिसांकडून पंचनामा करून घ्यावा. आपसांत मिटवण्याची घाई करू नये, कारण मुका मार दुसऱ्या दिवशी बोलू लागतो. वाहनाच्या विम्यातून भरपाई मागण्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२पासून लागू असलेल्या योजनेत गंभीर दुखापतीस ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे.