इलाज जखमेचा, ओळखीचा नव्हे: ट्रान्स व्यक्तींच्या ट्रॉमा थेरपीत या चुका टाळा

‘लहानपणी काहीतरी झालं असणार, म्हणून हे असं.’ मुंबईत ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या, मुलामुलींच्या आईवडिलांशी बोलणाऱ्या समुपदेशकांना हे वाक्य नवं नाही. ते वाईट हेतूने बोललं जात नाही. कारण सापडलं की इलाजही सापडेल, अशी त्यामागे आशा असते. पण थेरपीतली सर्वांत महागात पडणारी चूक इथूनच सुरू होते.

आघात (ट्रॉमा) असतात, यात शंका नाही. शाळेच्या मुतारीतली मारहाण, नातेवाइकाने केलेला अत्याचार, घरात कोंडून ठेवणं, चौकीवरची अरेरावी, रात्री अकराला दाराबाहेर काढणं. फक्त क्रम उलटा लावला जातो. मूल ‘वेगळं’ वागतं म्हणून मार खातं. मार खाल्ल्यामुळे ते वेगळं झालेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२पासून लागू आहे, लिंगओळखीचा हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. ट्रान्स असणं हा आजारच नसेल, तर ‘ट्रॉमा बरा झाला की हेही जाईल’ असं आश्वासन देणारा माणूस थेरपी करत नाही, ओळखच बदलू पाहणारी ‘कन्व्हर्जन थेरपी’ करतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१मध्ये अशा प्रकारांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले आणि २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्यांना डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. अंगातलं काढतो म्हणून भगताने मारहाण केली, तर महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

मग जेंडर-अफर्मिंग, म्हणजे माणसाची लिंगओळख मान्य करून केलेल्या, ट्रॉमा थेरपीत वेगळं काय असतं? पद्धती बहुतेक त्याच असतात: ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने आठवणींवर काम), ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं तपासणारी थेरपी), शरीराच्या अंगाने केलेलं काम, नॅरेटिव्ह थेरपी (स्वतःची गोष्ट नव्याने सांगणं). फरक दोन ठिकाणी पडतो. समोरच्याची ओळख हा चर्चेचा किंवा पुराव्याचा मुद्दा होत नाही. आणि त्रास भूतकाळात संपला आहे असं गृहीत धरलं जात नाही. दुसरी गोष्ट चांगल्या चांगल्या थेरपिस्टकडून निसटते, कारण ट्रॉमाची पाठ्यपुस्तकं बरीचशी संपलेल्या युद्धाबद्दल किंवा होऊन गेलेल्या अपघाताबद्दल बोलतात. इथे मारणारा भाऊ अजून त्याच दहा बाय बाराच्या खोलीत झोपतो.

पहिल्याच आठवड्यात सगळं उकरणं

ही चूक थेरपिस्ट जितकी करतात तितकीच क्लायंटही करतात. वर्षानुवर्षं कोणी ऐकलेलं नसतं. ऐकणारं माणूस मिळालं की एकदाचं सगळं ओकून टाकावंसं वाटतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये मांडलेला तीन टप्प्यांचा क्रम आजही कामाचा आहे: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. पहिला टप्पा कंटाळवाणा वाटतो. झोप, जेवण, पैसे, रात्री घरातून बाहेर पडावं लागलं तर कुणाकडे जायचं, आधार कार्ड कुठे ठेवलं आहे. ‘आम्ही ट्रॉमावर कधी बोलणार?’ असा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या सेशनला येतोच. पण हीच थेरपी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सीन शापिरो यांनी १९८७नंतर घडवलेल्या ईएमडीआरचे आठ टप्पे आहेत आणि त्यातले पहिले दोन इतिहास घेण्याचे आणि तयारीचे आहेत. इंटरनेटवर दिसणारं, डोळ्यांसमोर हलणारं बोट त्यानंतर येतं. पहिल्या भेटीतच कुणी बोट हलवायला लागलं, तर उठून यायला हरकत नाही.

ईएमडीआरमध्ये आठवणीला जोडून एक नवा विश्वास पक्का करतात. इथे ‘मी आता सुरक्षित आहे’ हे तयार वाक्य घेतलं जातं. घरी गेल्यावर वडील दाराला कडी लावणार असतील, तर शरीर ते वाक्य मानत नाही आणि थेरपिस्टवरचाही विश्वास जातो. ‘तेव्हा मी जे केलं ते जगण्यासाठी केलं’ किंवा ‘दोष माझा नव्हता’ हे खरं असतं, म्हणून टिकतं.

वेळेचाही विचार करा. जड सेशन संध्याकाळी सहाला संपवून दादरला विरार लोकलमध्ये घुसायचं, हे करू नका. दुपारची वेळ मागा, नंतरचा तासभर मोकळा ठेवा. थेरपिस्टनेही शेवटची दहा मिनिटं ‘आता घरी कसं जाणार, घरी कोण असेल’ यासाठी राखायला हवीत.

घरातून ऑनलाइन सेशन घेणं

हेडफोन लावले की थेरपिस्टचा आवाज झाकला जातो, तुमचा नाही. मुंबईतल्या घरांत ही मोठी अडचण आहे आणि तिच्यावर कोणतीही आयात केलेली पद्धत उत्तर देत नाही. लोक गच्चीवर, जिन्यात, बागेच्या बाकावर, उभ्या रिक्षात बसून सेशन घेतात. चालतं. फक्त उघड्यावर बसून अत्याचाराच्या आठवणी काढायच्या नाहीत. तिथे रोजच्या अडचणींवर बोला. सुरुवातीलाच एक खुणेचं वाक्य ठरवा: ‘ऑफिसचं काम आलं’ म्हटलं की विषय तिथल्या तिथे बंद. काहीजण चॅटवर सेशन घेतात आणि नंतर तो पुसतात. फी घरच्यांच्या खात्यातून जात असेल, तर पावतीवर काय छापलं जातं तेही विचारून घ्या.

डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या

ट्रॉमा थेरपीतली सर्वांत निरुपद्रवी वाटणारी सूचना. छाती सपाट करणारा बाइंडर घातलेल्या ट्रान्स पुरुषाला दीर्घ श्वास घेताच येत नाही. जबरदस्तीने घेतला तर बरगड्या दुखतात आणि घबराट वाढते. ‘छातीकडे लक्ष न्या, आता पोटाकडे, आता ओटीपोटाकडे’ असा बॉडी स्कॅन तर डिसफोरिया (शरीर आणि ओळख जुळत नसल्याचा त्रास) असलेल्या माणसाला नेमका नको त्या जागी नेऊन सोडतो. आणि ज्याच्यावर रस्त्यात हल्ला झाला आहे, त्याला अनोळखी खोलीत डोळे मिटायला सांगणं हे काही शांत करणारं नसतं.

उपाय साधे आहेत. डोळे उघडे. श्वास खोल घेण्याऐवजी सोडताना लांबवायचा. लक्ष तळव्यांवर, पावलांवर, खुर्चीला टेकलेल्या पाठीवर. आजूबाजूच्या पाच निळ्या वस्तू मोजणं, थंड पाण्याची बाटली हातात धरणं. क्लायंटने ‘या भागाला हात नको’ म्हणणं म्हणजे टाळाटाळ किंवा विरोध, असा अर्थ लावला जातो. तसा तो लावू नका. शरीराचे कोणते भाग कामात घ्यायचे आणि त्यांना काय म्हणायचं, हे क्लायंट ठरवतो.

खऱ्या भीतीला ‘विचारातली चूक’ म्हणणं

सीबीटीत विचार तपासतात. ‘सगळे माझ्याकडेच बघतात’ हा विचार अनेकांच्या बाबतीत अतिशयोक्ती असतो. लेडीज डब्यात चढलेल्या ट्रान्स बाईच्या बाबतीत तो निरीक्षण असतो. तिला पुराव्याचा तक्ता भरायला दिला, तर ती तुमच्यापेक्षा जास्त पुरावे आणेल. संशोधक इलान मायर यांनी २००३मध्ये मांडलेली अल्पसंख्याक-तणावाची कल्पना इथे उपयोगी पडते: बाहेरचा छळ, छळ होईल या अपेक्षेने सतत सावध राहणं, स्वतःला लपवणं आणि जगाचा तिरस्कार स्वतःवर ओढून घेणं, हे एकमेकांवर चढत जाणारे थर आहेत. थेरपिस्टने ते वेगळे करायचे. आज या डब्यात धोका किती, आणि त्यातला किती भाग बोरिवलीला चार वर्षांपूर्वी घडलेल्या प्रसंगाचा? पहिल्यासाठी मैत्रीण सोबत घेणं, वेळ बदलणं, हेल्पलाइन हाताशी ठेवणं. दुसऱ्यासाठी थेरपी. आणि ‘भीतीला सामोरं जायचं’ (एक्स्पोजर) म्हणून कुणाला एकटं रात्री नऊच्या लोकलला पाठवणारा गृहपाठ देऊ नका. एक्स्पोजर आठवणीचं असतं, धोक्याचं नव्हे.

‘तू आलास’ की ‘आलीस’

मराठीत क्रियापद बोललं की लिंग बोललं जातं, त्यामुळे इंग्रजी प्रशिक्षणातून आलेले थेरपिस्ट मराठी सेशनमध्ये पटकन घसरतात. माहिती नसेल तोवर ‘तुम्ही’ धरा: ‘तुम्ही आलात’, ‘तुम्हाला काय वाटतं’ यात प्रश्नच येत नाही. मग सरळ विचारा. अवघड जागा पुढे आहे. आता स्वतःला ‘मी गेले’ म्हणणारी बाई आठव्या वर्षाची आठवण सांगताना ‘मी पळत होतो’ म्हणते. ते दुरुस्त करायची घाई नको, आणि त्यावरून ‘अजून संभ्रम आहे’ अशी नोंद तर मुळीच नको. आठवण त्या वेळच्या भाषेत साठलेली असते. काहींना पुढे तेच प्रसंग स्वतःच्या खऱ्या रूपात पुन्हा सांगावेसे वाटतात आणि नॅरेटिव्ह थेरपीत ते फार सुंदर काम होऊ शकतं. काहींना कधीच तसं वाटत नाही. थेरपिस्टची जीभ चुकली, तर ‘माफ करा’ म्हणून दुरुस्त करावं आणि पुढे जावं. पाच मिनिटं माफी मागत बसलं की क्लायंटलाच धीर द्यावा लागतो.

पत्रासाठी ट्रॉमा लपवणं

शस्त्रक्रियेसाठी किंवा हार्मोन्ससाठी मानसिक आरोग्यतज्ज्ञाचं पत्र लागतं तेव्हा बरेच क्लायंट अत्याचार, झोप, आत्महत्येचे विचार, सगळं गिळून टाकतात. सांगितलं तर पत्र अडेल, ही भीती. ती अगदीच निराधार नाही. ‘आधी डोकं ताळ्यावर आणा’ असं सांगणारे आहेत. पण डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनेच्या २०२२च्या आठव्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढांना शस्त्रक्रियेसाठी एका तज्ज्ञाचं पत्र पुरतं आणि निव्वळ ट्रॉमाचा इतिहास असणं हे उपचार नाकारण्याचं कारण नाही. पहिल्याच भेटीत विचारा: पत्र तुम्ही देणार का, त्यासाठी काय पाहता, मी सांगितलेलं त्यात किती जाईल? उत्तर घुटमळलं, तर पत्र एकाकडून आणि थेरपी दुसऱ्याकडून घ्या.

आई-वडिलांना लवकर सेशनला बोलावणं हीही अशीच चूक. क्लायंट प्रौढ असेल, तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क त्याचा आहे. फी बाबा देतात म्हणून बाबांना अहवाल मिळत नाही. जीव धोक्यात असेल तिथे अपवाद असतो. तो कुठे लागू होईल, हे थेरपिस्टने आधीच सांगावं.

हिजडा घराण्यात, म्हणजे गुरू आणि चेल्यांच्या कुटुंबात, राहणाऱ्या क्लायंटच्या बाबतीत थेरपिस्ट दोन टोकांना जातात. एकतर गुरू म्हणजे शोषण, नाहीतर गुरू म्हणजे आई. तोच माणूस दोन्ही असू शकतो. ‘सोडून का येत नाहीस’ हा प्रश्न विचारण्याआधी घर, कमाई आणि आजारपणात उशाशी बसणारी माणसं एकदम जातात, हे लक्षात घ्या.

बिघडतंय असं वाटलं तर

आठवणींवर काम सुरू झाल्यावर दोन-तीन दिवस वाईट स्वप्नं, चिडचिड, थकवा येऊ शकतो. हे अपेक्षित आहे. आठवडे उलटूनही कामावर जाता येत नाही, दारू वाढली आहे, स्वतःला इजा करणं परत सुरू झालंय, सेशनमध्ये बधिर होऊन वेळ निघून जाते, असं असेल तर वेग जास्त आहे. तसं सांगा, पुन्हा पहिल्या टप्प्यावर येणं म्हणजे नापास होणं नव्हे. जीव द्यावासा वाटला, तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो.

निम्मा वेळ थेरपिस्टला ‘ट्रान्स म्हणजे काय’ शिकवण्यात जात असेल, तर तुम्ही फी भरून शिकवणी घेताय. ‘तुम्ही एलजीबीटी-फ्रेंडली आहात का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘क्वीअर-अफर्मेटिव्ह (लैंगिक आणि लिंगओळखीची विविधता मान्य करणारं) प्रशिक्षण कुठे घेतलंत, सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन) कुणाकडून घेता, ट्रॉमाची कोणती पद्धत शिकलात’ असं विचारा. मुंबईत विचारायला जागा आहेत: १९९४पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट, टाटा समाजविज्ञान संस्थेची (टिस) आयकॉल ही समुपदेशन सेवा, समुपदेशकांना क्वीअर-अफर्मेटिव्ह प्रशिक्षण देणारी मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह.

थेरपिस्ट बदलताना आधीच्याकडून एक पानाचं टिपण मागा: कोणत्या पद्धतीने काम झालं, कुठवर आलं, कशाने त्रास वाढतो, कशाने शांत होता. त्यात तुमचं सध्याचं नाव आणि लिंग बरोबर लिहिलंय का ते पाहा. नव्या माणसाकडे ते दिलं की पहिल्या दिवशी सगळी कहाणी पुन्हा मांडावी लागत नाही.