पगार आला की आधी टाकी भरा : महिन्याचा पैसा कसा सांभाळायचा

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, चौदा वर्षं झाली. शनिवारी पगार वाटायचा आणि मंगळवारी त्याच खिडकीत उचल मागायला आलेली तीच माणसं बघायची. उचल मागणारे सगळे कमी पगाराचेच असतात असं काही नाही बरं का, आमच्याकडं सगळ्यात मोठी उचल एका जॉबरच्या, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याच्या, नावावर होती आणि त्याचा पगार मागावरच्या पोरांच्या दीडपट. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक बसलंय, पैसा कमी असणं ही एक अडचण आणि पैसा वेळेला हाताशी नसणं ही वेगळीच, आणि घर कर्जात जातं ते जास्त करून दुसरीमुळं.

खरं तर सोलापूरच्या माणसाला हे शिकवायला नको. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं, तरी घरात कुणी तहानलेलं राहत नाही, कारण पाणी आलं की आपण आधी पिण्याचं भरतो, मग टाकी, मग बॅरल, आणि उरलं तर गाडी धुतो. पगार आला की मात्र आपण आधी गाडीच धुतो. तर खाली जे लिहिलंय ते सगळं या एकाच क्रमाचं आहे, कुठली भांडी आधी भरायची ते.

पहिलं काम, एक महिना नुसतं लिहा

काही बंद करायचं नाही, काटकसर नाही, फक्त लिहायचं. दहा रुपयांची वही घ्या नाहीतर फोनमध्ये, पण रोज रात्री. सगळे सांगतात चहा-पान बंद करा लाखो वाचतील. मी लिहिलं तेव्हा चहाचे निघाले 600 रुपये, आणि जे कुठं गेले ते आठवतच नाही असे, नुसते स्कॅन करून दिलेले 40, 120, 85 असे तुकडे, त्यांची बेरीज 3,900. खिशात नोटा होत्या तेव्हा खिसा हलका झालेला कळायचा, आता कळतच नाही. मी केलं एवढंच की स्कॅनवाल्या खात्यात फक्त आठवड्याचे पैसे ठेवतो, बाकीचे दुसऱ्या बँकेत. संपले की संपले, सोमवारपर्यंत थांबायचं. चहा अजून चालू आहे.

दुसरं काम, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, वर्षाच्या खर्चाची यादी

महिन्याचा किराणा, लाईट बिल, भाडं हे सगळ्यांना पाठ असतं. माणूस अडकतो ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात, आणि त्याला आपण म्हणतो "अचानक खर्च आला". अहो जूनमध्ये शाळा सुरू होते हे अचानक कसं? गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा, दर संक्रांतीला असतोच की. आमच्या घरची यादी सांगतो, जूनला फी, वह्या, युनिफॉर्म मिळून 12,000, दिवाळी 8,000, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग 3,000, घरपट्टी-पाणीपट्टी 4,000, लग्नकार्यातले आहेर आणि जाणं-येणं 6,000, पावसाळ्यातला ताप-खोकला दवाखाना 5,000, आणि गड्ड्यात पोरांचे पाळणे, खाणं वगैरे धरून 2,000. झाले 40 हजार. बाराने भागलं तर महिन्याला 3,333 आणि आठवड्याचा पगार असेल तर 52 ने भागा, 770 रुपये. हे 770 तुमचे नाहीतच असं समजायचं, ते जूनचे आहेत, दिवाळीचे आहेत.

बायको घरी युनिफॉर्मच्या शिलाईचं पीसवर्क करते, त्यात शाळेच्या आधीचे चार महिने हात दुखेस्तोवर काम आणि श्रावणात मशीनवर धूळ. अशी सिझनची कमाई असेल तर आणखी एक करा, सिझनमध्ये जे येतं ते सगळं त्याच महिन्याचं समजू नका. आम्ही तिच्या वर्षाच्या पैशाला बाराने भागून तेवढेच दर महिन्याला घरात घेतो, बाकीचं तिच्या खात्यावर पडून राहतं. पहिल्या वर्षी भांडणं झाली, मे महिन्यात खात्यावर पैसे दिसत असताना कूलर का घ्यायचा नाही म्हणून. सोलापूरच्या मे महिन्यात हा प्रश्न काही चुकीचा नाही, घेतला शेवटी कूलर, पण सेकंडहँड.

तिसरं, काम बंद पडलं तर काय

सूत महागलं, बाहेरची ऑर्डर थांबली की माग थांबतात. मालक काही तुम्हाला सांगून थांबवत नाही. म्हणून कमीत कमी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पाहिजे, एकट्याच्या कमाईवर घर असेल तर सहा. आकडा बघून घाबरू नका, एकदम करायचं नसतंच. आधी फक्त एका महिन्याचा करा.

आमच्या शेजारी एक अक्का आहेत, विड्या वळतात, त्यांची पद्धत बघून मी शिकलो. विड्यांचे पैसे हातात आले की घरी यायच्या आधी पोस्टात जाणार. पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कम भरायची ठेव, महिन्याला 100 रुपयांपासून होते, पाच वर्षांची. मी एकदा विचारलं घरी जाऊन मग का नाही जात, तर म्हणाल्या, "घरला गेल्यावर पैशाला तोंड फुटतंय." पिग्मीवाला दुकानात येतो तो पण चालेल, रोज 50 जातात ते कळत नाही, फक्त पिग्मीला व्याज कमी असतं आणि मधेच मोडली तर कापतात, आणि एजंट पैसे घेऊन गेला की त्याच दिवशी एंट्री किंवा मेसेज आला का बघायचा. ओळखीचा आहे म्हणून सोडायचं नाही.

चौथं, कर्जं मिटवा, पण ओळीनं

सगळी कर्जं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढं वर्षाचं व्याज किती ते लिहा. वर्षाचं, महिन्याचं नाही. इथंच सगळी फसवणूक असते. गल्लीतला सावकार म्हणतो शंभराला दहा, ऐकायला दहा टक्के, पण ते महिन्याला, म्हणजे वर्षाला 120 टक्के. 20 हजार घेतले तर महिन्याला 2 हजार नुसतं व्याज, मुद्दल आहे तिथंच. घरात थोडं सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून आधी हा माणूस मिटवा, बँकेचं व्याज वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेच 2 हजार, फक्त तिकडं महिन्याचे आणि इकडं वर्षाचे. सोनं गहाण ठेवायला बायकांना जीवावर येतं हे मला माहिती आहे, पण कपाटातलं सोनं सांभाळत सावकाराचं व्याज भरणं म्हणजे टाकी झाकून ठेवायची आणि टँकर विकत घ्यायचा. आणि परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्यानं गुन्हा आहे, धमक्या सुरू झाल्या तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं तक्रार करता येते.

आता शोरूमचं बघा. मी स्वतः गाडी घेताना 90 हजाराचं लोन काढलं, तीन वर्षं, शोरूमचा पोरगा म्हणाला फक्त अकरा टक्के सर, फ्लॅट. हिशोब लिहिणारा माणूस मी, तरी नवीन गाडीच्या नादात मान डोलावली. फ्लॅट म्हणजे काय, की तुम्ही मुद्दल फेडत आणलं तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 90 हजारावरच. 29,700 व्याज, हप्ता 3,325. घरी येऊन कम्प्युटरवर मांडलं तेव्हा उरलेल्या रकमेवर धरून ते साडेएकोणीस टक्के निघालं. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच, "रिड्युसिंगनं किती?", म्हणजे उरलेल्या रकमेवर किती, आणि उत्तर कागदावर घ्यायचं. सांगायला टाळाटाळ केली तर दुसरीकडं बघायचं.

ग्रुपची लोनं, म्हणजे दर आठवड्याला बायकांची मीटिंग घेऊन वसुली करतात ती, एक चालू असेल तर ठीक. एका ग्रुपचा हप्ता भरायला दुसऱ्या ग्रुपचं घेतलं की तिथंच थांबा, पुढं तिसरं असतंच. क्रेडिट कार्डाचं मिनिमम भरून खूश होऊ नका, राहिलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात.

भिशी? ओळखीच्या दहा-बारा जणांची, लिलाव नसलेली, छोटी, तर मी पण खेळतो. पण घराचं डिपॉझिट किंवा पोरीच्या लग्नाचा पैसा भिशीत नको, चालवणाऱ्यानं हात वर केले तर जायचं कुणाकडं.

पाचवं, विमा, आणि जे आधीच कापून जातंय ते

बँकेत जाऊन दोन फॉर्म भरा, पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे वर्षाला 436 रुपये आणि पंतप्रधान सुरक्षा विम्याचे 20. पहिल्यात कशानंही मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख, दुसऱ्यात अपघातासाठी 2 लाख. वय पहिल्याला 18 ते 50, दुसऱ्याला 70 पर्यंत. मे महिन्याच्या शेवटी पैसे कटतात तेव्हा खात्यावर शिल्लक पाहिजे, नाहीतर विमा गेला आणि घरच्यांना कळतं ते नको त्या वेळेला. 2 लाखात घर चालत नाही हे खरं, कमाई बरी असेल तर साधा टर्म विमा घ्या, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही तोच. "पैसे परत" वाली पॉलिसी विकायला पाहुणे मंडळीच येतात, चहा पाजा आणि सोडून द्या.

दवाखान्याचं म्हणजे, पगार 21 हजारापर्यंत आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर इएसआय, म्हणजे कामगार विमा, लागतो, तुमचा फक्त पाऊण टक्का कटतो, मालकाचा सव्वातीन. बरेच जण कार्डच काढत नाहीत, आणि बायको-पोरांची नावं तर त्यात घातलेलीच नसतात. ज्यांना इएसआय नाही त्यांनी आयुष्मान कार्ड, म्हणजे सरकारच्या दवाखाना-खर्चाच्या योजनेचं कार्ड, काढून ठेवा, आणि योजनेत आपल्या जवळचा कुठला दवाखाना आहे ते आजारी पडायच्या आधी बघून ठेवा, तिथं मदतीला आरोग्यमित्र बसलेला असतो.

पीएफबद्दल मला चीड आहे म्हणून जरा बोलतो. पोरं कारखाना बदलली की पीएफ काढतात आणि मोबाईल घेतात. दहा वर्षं नोकरी भरली की पेन्शनला माणूस बसतो, तुम्ही पेन्शनचा भाग पण काढून टाकला तर मोजणी परत शून्यापासून. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवा, नवीन मालकाला द्या, पैसे ट्रान्स्फर करा. बास.

सहावं, ठेवायचं कुठं

माझ्या आत्यानं मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, ग्रॅच्युइटीतले 1 लाख 80 हजार एका पतसंस्थेत ठेवले, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त म्हणून. चेअरमन गल्लीतलाच, गणपतीत आरतीला असायचा. एक दिवस शटर खाली, मग पुढच्या आठवड्यात या, मग पुढच्या महिन्यात. आजपर्यंत 40 हजार मिळालेत, ते पण पाच-पाच हजार करून. आम्हाला कुणालाच तेव्हा माहीत नव्हतं की बँकेतल्या ठेवीला विमा असतो, फेब्रुवारी 2020 पासून माणशी एका बँकेत मुद्दल-व्याज धरून 5 लाखांपर्यंत, अगदी सहकारी बँकेला सुद्धा, पण पतसंस्थेला तो विमा नाही. बोर्डावर दोन्हीकडं लक्ष्मीचाच फोटो असतो, फरक दिसत नाही. विचारायचं, ही रिझर्व्ह बँकेची परवाना असलेली बँक आहे का. आणि 5 लाखांपेक्षा जास्त असतील तर एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवून उपयोग नाही, बँका वेगळ्या पाहिजेत.

दामदुप्पटवाल्यांसाठी एक सोपी युक्ती, 72 ला व्याजदरानं भागायचं, तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. सात टक्क्यांनी साधारण दहा वर्षं. कुणी तीन वर्षांत दुप्पट म्हणाला तर तो वर्षाला 24 टक्के कबूल करतोय, त्याला विचारा एवढं कमावतो कशातून.

लांबचं, पोरांच्या शिक्षणाचं, म्हातारपणाचं, हे वरचं सगळं झाल्यावर. पीपीएफ, म्हणजे सरकारचं लांब मुदतीचं बचत खातं, पोस्टात नाहीतर बँकेत उघडा, वर्षाला 500 पासून दीड लाखापर्यंत, 15 वर्षं, एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के चालू आहे, आणि पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरायचे, 6 ला भरले तर त्यावर त्या महिन्याचं व्याज नाही. मुलगी दहाच्या आतली असेल तर तिच्या नावानं सुकन्या समृद्धी खातं. म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कम फंडात टाकणं, चांगली, पण सात-आठ वर्षं हात लावायचा नसेल तरच, आणि पडलेला बाजार बघून झोप उडणार असेल तर राहू द्या. सोनं अंगावर घालायला घ्या, बचत म्हणून दागिना घेतला तर घडणावळ गेली ती गेलीच.

शेवटचं, कागद

सगळ्या खात्यांना नॉमिनी लावा, आणि जुने तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्याला माझी आईच नॉमिनी होती, आई जाऊन सहा वर्षं झाली होती. पासबुकं, विम्याचे कागद, यूएएन नंबर, कुणाला दिलेत कुणाकडून घेतलेत त्याची यादी, एका पिशवीत घाला आणि ती कुठं आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत पाहिजे. मी ती पिशवी मुलीला दाखवली तर ती म्हणाली, पप्पा, फोनचा पासवर्ड पण लिहून ठेवा त्यात. लिहिला.