डीओपी सोडून दुसरं तेल वापरताय? या चुका टाळा

नरम पीव्हीसीच्या धंद्यात प्लॅस्टिसायझरला, म्हणजे कडक पीव्हीसी नरम करणाऱ्या द्रवाला, सगळे ‘तेल’च म्हणतात. त्यामुळे डीओपी या जुन्या, नेहमीच्या तेलाच्या जागी डीओटीपी हे पर्यायी तेल ओतलं की झालं, असं वाटतं. रेणूचं वजन दोघांचं सारखंच, पण डीओटीपी रेझिनमध्ये, म्हणजे पीव्हीसीच्या भुकटीत, सावकाश मुरतं. जुन्याच तापमानावर एक्स्ट्रूडर (माल वितळवून पाइप काढणारं यंत्र) चालवला तर पाइप दिसतो बरा, पण ओढला की टचकन तुटतो. आत रेझिनचे कण एकजीव झालेलेच नसतात. इथे बरेच जण तेल वाढवतात आणि माल आणखी बिघडवतात. आधी मिक्सरमधली भुकटी कोरडी, सुटी होईपर्यंत फिरवा, मग एक्स्ट्रूडरच्या बॅरलचं (तापत्या नळकांड्याचं) तापमान थोडं थोडं चढवा. तरीही माल कडक वाटला, तर 100 भाग रेझिनला 50 ऐवजी 51-52 भाग तेल घ्या.

इपॉक्सी सोयाबीन तेल 3 ते 5 भाग घातलं तर स्टॅबिलायझरला (उष्णतेने पीव्हीसी खराब होऊ न देणाऱ्या घटकाला) छान साथ देतं. वनस्पतीचं आहे म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकू नका. काही महिन्यांनी मालाला तेल सुटतं, हात लावला की चिकट. हे आधीच तपासायला मालाची पट्टी दुमडून क्लिपमध्ये अडकवा, दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने उलगडून घडीच्या आतल्या बाजूला टिश्यू पेपर दाबा. डाग उमटला, तर माल पाठवू नका.

सगळ्यात महागात पडते ती भंगाराची चूक. आमचा एक लॉट असाच डीओपीच्या तपासणीत नापास झाला. तेल नवं, कागदपत्रं चोख, पण हॉपरमध्ये (यंत्रात माल ओतायच्या नरसाळ्यात) जुन्या पाइपचा चुरा गेला होता. हिशोब करून बघा: जुन्या मालात साधारण 30 टक्के डीओपी असतं. असा चुरा 100 किलोत 1 किलो पडला, तरी डीओपी 0.3 टक्के होतं. युरोपात खेळण्यांना मर्यादा 0.1 टक्क्याची आहे. ही खेळणी मुलं तोंडात घालतात, म्हणून टाकी, नळ्या, मिक्सर धुतल्याशिवाय नवं तेल सोडूच नका.

खोडरबर प्लॅस्टिकच्या फूटपट्टीला चिकटून तिथे खड्डा पडलेला पाहिलाय ना? रबरातलं तेल पट्टीत शिरतं, त्याचा तो खड्डा. डीओटीपी आणि सायट्रेट प्रकारची तेलंही अशीच सरकतात. माल पॉलिस्टायरीनला (अशा फूटपट्टीच्या कडक प्लॅस्टिकला) टेकून राहणार असेल, तर पॉलिमेरिक, म्हणजे लांब साखळीच्या मोठ्या रेणूंचं, प्लॅस्टिसायझर घ्या. ते काकवीसारखं दाट असतं. कोमट करून, मिक्सर फिरत असताना बारीक धारेने सोडा.