बसथांब्याजवळची घाणेरी आम्ही कशी काढली

आमच्या फाट्यावरील एसटी थांब्याच्या अलीकडे, वळणाच्या आतल्या बाजूला, घाणेरी (टणटणी) आणि वेडी बाभूळ ही झुडपे इतकी माजली होती की चालकाला आपण दिसावे म्हणून शाळकरी मुली आणि वृद्ध प्रवासी थेट डांबरावर येऊन उभे राहत. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते, हे लक्षात घेता ही गोष्ट मला असह्य वाटत होती.

रस्ता कोणाच्या अखत्यारीत आहे, हे किलोमीटरच्या दगडावरून कळले. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा; आमचा हिरवा होता. दगडावरील अंक, चालकाच्या नजरेच्या उंचीवरून काढलेली छायाचित्रे आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडून मी ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. माझ्या मते ठरावाचाच सर्वाधिक उपयोग झाला.

झुडपे छाटली गेली. परंतु घाणेरी बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून संबंधित कार्यालयाला कळवून, जमीन ओली असतानाच आम्ही ग्रामस्थांनी तिची मुळे जमिनीखाली तोडून काढली आणि काम चालू असताना वळणाच्या दोन्ही बाजूंना लाल झेंडा घेऊन माणसे उभी केली. मोठ्या झाडांना हात लावला नाही, कारण त्यांच्या तोडीचे नियम वेगळे आहेत. पाखरांनी टाकलेल्या बियांतून उगवणारी नवी रोपे मात्र दर पावसाळ्यात उपटावीच लागतात.